मार्थेला प्रभूने नावाने हाक मारली



घरभेटीला गेलो की एक गोष्ट आम्हाला नेहमी अनुभवास येते. चहा होतो, मुलांच्या शाळेची चौकशी होते, आजारी माणसांसाठी प्रार्थना होते आणि आम्ही निघतो. मग दाराशी, आम्ही चप्पल घालत असताना, घरातले कोणीतरी हळू आवाजात म्हणते, "फादर, मिस्सेला येतो, पण मन लागत नाही." एखाद्या ताई म्हणतात, "रोझरी हातात घेतली की गॅस बंद केला का, हेच आठवतं." नाईट शिफ्ट करून आलेला एखादा दादा म्हणतो, "डोळे मिटले की मशीनच समोर येते." सांगणाऱ्याच्या आवाजात अपराधीपणा असतो. बैठकीत बसून जे बोलता आले नाही ते उंबरठ्यावर बोलले जाते, यावरूनच ती गोष्ट मनाला किती लागलेली आहे हे कळते.

आज या उंबरठ्यावरच्या बोलण्याविषयीच आपण विचार करणार आहोत.

आधी आमचेच

आपल्याला काही सांगण्याआधी आमची एक चूक सांगणे योग्य होईल. काही वर्षांपूर्वी एका वृद्ध आजींना कम्युनियन देण्यासाठी आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो. आजी अंथरुणाला खिळलेल्या होत्या. ख्रिस्तशरीर स्वीकारल्यावर त्या थोडा वेळ डोळे मिटून पडून राहिल्या आणि मग म्हणाल्या, "फादर, माझ्या थोरल्याचं एक सांगायचं राहिलंय..." तेवढ्यात आमच्या खिशातला मोबाईल थरथरला. तो बाहेर काढला नसता तरी चालले असते. संदेश कसला होता हे आज आठवतही नाही. आम्ही फक्त एक नजर टाकली; पाच सेकंदही लागले नसतील. वर पाहिले तर आजी गप्प झाल्या होत्या. "जाऊ द्या फादर, तुम्हाला घाई असेल," एवढेच त्या म्हणाल्या. आम्ही पुष्कळ विनवले, पण त्या नुसत्या हसल्या. पुढच्या भेटीआधीच त्या प्रभूघरी गेल्या. थोरल्या मुलाविषयी त्यांना काय सांगायचे होते ते आम्हाला कधीच कळले नाही. मुलासाठी काही निरोप असेल, तर तोही त्याच्यापर्यंत पोहोचला नाही.

ज्या हाताने ख्रिस्तशरीर दिले त्याच हाताने दुसऱ्या मिनिटाला आम्ही मोबाईल काढला होता. तेव्हापासून 'मन लागत नाही' असे कोणी म्हटले की आम्ही त्याला हसून टाळत नाही. लक्ष सुटणे ही लहान बाब वाटते. पण लक्ष सुटते तेव्हा काही वेळा समोरचा माणूस सुटतो, आणि काही वेळा प्रभू.

पाळ्यांमध्ये वाटलेला दिवस

आपण जिथे राहतो तिथले जीवन शांत नाही, हे प्रभूला ठाऊक आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी, चिंचवड, भोसरीच्या माळांवर कारखान्यांच्या रांगा लागल्या. पुढे ही रांग चाकणपर्यंत गेली. या कारखान्यांच्या मागे आपल्यापैकी अनेकांची कुटुंबे इथे आली. कोणी श्रीरामपूरकडून, कोणी राहुरीकडून, कोणी संगमनेरकडून, तर कोणी जालन्याकडून आले. गावाकडे चर्चची घंटा वाजली की शेतातला माणूसही क्षणभर थांबायचा. मतमाउलीच्या यात्रेला हरेगावला जायचे म्हणजे घरात आधीपासून तयारी असायची. इथे दिवसाची घंटा कंपनीची आहे.

पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी. आठवडा बदलला की झोप बदलते, जेवण बदलते, घरच्यांशी बोलण्याची वेळ बदलते. या पट्ट्यातल्या कित्येक कामगारांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते. म्हणजे रविवारची मिस्सा त्यांना दोन शिफ्टच्या मधे कशीबशी बसवावी लागते. चाकणला जाणारा माणूस आयुष्याचा एक तुकडा बसमध्ये आणि ट्रॅफिकमध्येच घालवतो. तरुण मुले हिंजवडीहून घरी येतात तेव्हा त्यांचे ऑफिस मोबाईलमधून त्यांच्यासोबतच घरी येते. गृहिणींचे काम तर संपतच नाही. त्यात घराचा हप्ता, मुलांचे क्लास, कंत्राट पुढे वाढेल की नाही याची धास्ती.

एवढे ओझे घेऊन माणूस बाकावर येऊन बसतो आणि त्याचे मन लागत नाही. यात नवल काय? त्याला रागावणे सोपे आहे. प्रभूने काय केले असते, ते पाहू या.

बेथानीतले घर

संत लूक दहाव्या अध्यायात आपल्याला बेथानीच्या घरात नेतो. घरात पाहुणा आला आहे. मरिया प्रभूच्या पायाशी बसून ऐकते आहे आणि मार्था स्वयंपाकात आहे. हा उतारा आपण अनेकदा ऐकला आहे आणि बहुतेक वेळा आपण मार्थेवर अन्याय केला आहे. काम करणारी ती कमी आणि बसून राहणारी ती श्रेष्ठ, असा अर्थ काढून मोकळे झालो आहोत. सकाळी पाच वाजता उठून तीन डबे भरणाऱ्या आपल्या भगिनींना हा अर्थ ऐकून काय वाटत असेल?

मूळ ग्रीक शुभवर्तमानात मार्थेसाठी जो शब्द वापरला आहे त्याचा अर्थ 'कामात होती' एवढाच नाही. चहूबाजूंनी ओढली जात होती, असा त्याचा अर्थ आहे. जणू एकाच माणसाला चार दोऱ्या बांधून चार दिशांना खेचावे. प्रभूने तिच्या हातातल्या कामाला दोष दिला नाही. स्वयंपाक थांबव, असे तो म्हणाला नाही. तू अनेक गोष्टींची चिंता करतेस आणि अस्वस्थ होतेस, एवढेच त्याने दाखवून दिले. बोट ठेवले ते त्या दोऱ्यांवर.

आणि त्याआधी त्याने तिला नावाने हाक मारली, तीही दोनदा. पवित्र शास्त्रात अशी दुहेरी हाक फार थोड्यांच्या वाट्याला आली आहे. अब्राहामाला आली, मोशेला जळत्या झुडुपातून आली, लहान शमुवेलाला रात्री आली, शौलाला दमास्कच्या वाटेवर आली. आयुष्य बदलण्याच्या क्षणी देव असा दोनदा बोलावतो. त्याच यादीत बेथानीची ही चुलीपुढची बाई आहे. तिचे मन उडाले होते तेव्हाच तिला ही हाक आली.

पुढे मार्थेचे काय झाले हे आपण सहसा वाचत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात तिचा भाऊ लाजरस मरण पावतो. घरात सांत्वनाला आलेल्या लोकांची गर्दी आहे. तरीही येशू येत आहे हे कळताच मार्था उठून त्याला सामोरी जाते आणि तू ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र आहेस, अशी कबुली देते. पेत्राने दिलेल्या कबुलीच्या तोडीची ही कबुली आहे. दुःखाच्या आणि गर्दीच्या मध्यभागी तिचे लक्ष एका ठिकाणी स्थिर झालेले आहे.

मग बारावा अध्याय. वल्हांडण सहा दिवसांवर आला आहे आणि बेथानीत प्रभूसाठी जेवण आहे. तिथे योहान सहज एक गोष्ट सांगून जातो. मार्था वाढत होती. काम तेच, हात तेच. पण या वेळी तक्रार नाही, बहिणीकडे वाकडी नजर नाही. स्वयंपाकघर बदलले नाही, मार्था बदलली. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने २९ जुलै हा केवळ मार्थेचा नव्हे, तर मार्था, मरिया आणि लाजरस या तिघांचा स्मरणदिन ठरवला गेला. वाढणारी आणि ऐकणारी एकाच घरातल्या, एकाच दिवशी स्मरायच्या.

मन भटकते, मग काय करावे?

मनाचे भटकणे हे पाप नाही, हे आधी नीट समजून घेऊ. संत अगस्तीन यांच्यासारखे महान बिशप आपल्या आत्मकथनाच्या दहाव्या पुस्तकात कबूल करतात की, घरी बसले असताना माश्या पकडणारी पाल किंवा जाळे विणणारा कोळी दिसला तरी आपले लक्ष तिकडे जाते. सोळाशे वर्षांपूर्वी, मोबाईल नसताना! लिझ्यूच्या संत तेरेजा मठातल्या ध्यानाच्या वेळी मागे बसलेल्या एका सिस्टरच्या बारीक आवाजाने घामाघूम होत असत. कान बंद करता येईनात, तेव्हा त्यांनी तो आवाजच प्रभूला अर्पण केला.

१९९२ साली आलेला कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथही प्रार्थनेतल्या व्यत्ययाविषयी मोठी शहाणपणाची गोष्ट सांगतो. व्यत्ययांचा पाठलाग करत बसणे म्हणजे त्यांच्याच जाळ्यात सापडणे. फक्त आपल्या हृदयाकडे परत यायचे. आणि आपले मन कुठे पळाले यावरून आपण कशाला चिकटलो आहोत हेही कळते. मन वारंवार हप्त्याकडे जात असेल, तर तो हप्ताच आज वेदीवर ठेवायचा आहे. प्रार्थनेत एखादा रागावलेला भाऊ आठवला, तर तो व्यत्यय नसून निरोप असू शकतो. मत्तयच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो की, आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण वेदीपाशी ठेवून आधी त्याच्याशी समेट करायला जावे.

पण परत यायचे तर मनाला धरायला काहीतरी हवे. रिकाम्या मनाला 'गप्प बस' म्हटल्याने ते गप्प बसत नाही. ही गोष्ट आपल्या मराठी ख्रिस्ती पूर्वजांना फार चांगली ठाऊक होती. गोव्यातल्या साष्टी भागातल्या नवख्रिस्ती लोकांना पूर्वीची पुराणे ऐकणे बंद झाले होते. त्या जागी आम्हाला आमच्या भाषेत दुसरे काही द्या, अशी त्यांच्यातल्या एकाने केलेली विनंती फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ग्रंथाच्या आरंभीच आली आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेज्वीट धर्मगुरूने ती मनावर घेतली आणि १६१६ साली राचोल येथे 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्या! पुढे किती तरी पिढ्यांनी त्या चर्चमध्ये आणि घरी वाचल्या. फादर स्टीफन्स यांनी ओवी निवडली, कारण ओवी कानाला धरते, तोंडात बसते आणि काम करताना बरोबर येते.

आपल्या आज्या-पणज्या जात्यावर बसून ओव्या म्हणत. पुण्यातील हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी मावळ-मुळशीपासून अनेक गावांतल्या बायांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. हात दगड फिरवत होता आणि मन देवाशी, माहेराशी, लेकरांशी बोलत होते. आपले वारकरी शेजारीही दर वर्षी देहूहून निघून आकुर्डीला मुक्काम करतात, तेव्हा हॉर्न आणि गर्दी यांच्यामधून नाम घेतच चालतात. 'हाती काम, मुखी नाम' ही आपल्या मातीची रीत आहे. आपण शहरात येताना जाते मागे ठेवले, ते ठीकच. पण ती रीतही मागे राहिली की काय?

मशीनवर काय करणार, तिथे विचार करायलाही वेळ नसतो, असे कोणी म्हणेल. सिमोन वेल नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञ बाईंनी हे स्वतः भोगले होते. १९३४-३५ मध्ये त्यांनी शिक्षिकेची नोकरी बाजूला ठेवून पॅरिसच्या कारखान्यांत मजुरी केली. यंत्राचा वेग माणसाचा विचारच कसा मारून टाकतो, हे त्यांनी लिहून ठेवले आहे. १९४१ मध्ये द्राक्षाच्या तोडणीवर काम करताना त्या प्रभूने शिकवलेली प्रार्थना मूळ ग्रीक भाषेत म्हणत. रोज एकदा तरी ती पूर्ण लक्षाने म्हणायची असा त्यांचा नेम होता. मध्येच मन जरा हलले तर पुन्हा पहिल्यापासून. तासभर नाही, एकच प्रार्थना. आपण दिवसात ती किती तरी वेळा म्हणतो. त्यांतली एक अशी म्हणता येईल का?

संत अगस्तीन यांनी प्रोबा नावाच्या विधवेला लिहिलेल्या पत्रात इजिप्तमधल्या संन्याशांविषयी लिहिले आहे. ते लहान लहान प्रार्थना वारंवार करत, बाण सोडावा तशा. लांबलेल्या प्रार्थनेत लक्ष बोथट होते म्हणून. ज्याला अर्धा तास मिळत नाही त्याला बाण तरी नक्कीच सोडता येतो.

या आठवड्यासाठी

आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक कुटुंबाने पुढील गोष्टींपैकी निदान एक निवडावी, ही आमची नम्र विनंती आहे.

१) शनिवारी रात्री रविवारचे शुभवर्तमान घरात कोणीतरी मोठ्याने वाचावे. शिफ्टमुळे जो घरी नसेल त्याला त्यातला एक शब्द सांगावा. ऐकलेला शब्द दुसऱ्या दिवशी वेदीवरून ऐकू आला की मन ओळखीच्या माणसाकडे वळावे तसे वळते.

२) मिस्सेला दहा मिनिटे आधी यावे. आपल्या तीन चिंता नाव घेऊन प्रभूसमोर मांडाव्यात. मोबाईल बंद करावा. अंतःकरणे वर उचला असे धर्मगुरू म्हणतो, मोबाईल वर उचला असे नाही, हे पोप फ्रान्सिस यांनी २०१७ मध्ये थोड्या दुःखानेच सांगितले होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत जाणीवपूर्वक सहभाग घेण्यास आपल्याला सांगितले. ती जाणीव दाराशी चप्पल काढतानाच सुरू होते.

३) दिवसातली तीन ठिकाणे ठरवावीत. कंपनीच्या गेटवर अंगठा लावताना, काळेवाडी फाट्याच्या सिग्नलला, कुकरची पहिली शिट्टी झाल्यावर. तिथे एकच लहान प्रार्थना: "प्रभू येशू, मी इथे आहे."

४) घरी रोज रोझरीचे एक दशक. तेवढा वेळ घरातले सगळे मोबाईल दुसऱ्या खोलीत. पाचही दशके जमली तर उत्तमच. पण टीव्हीकडे डोळा ठेवून म्हटलेल्या पाचांपेक्षा एकमेकांजवळ बसून म्हटलेले एक बरे.

५) माणूस बोलत असताना त्याच्याकडे पाहावे. हीही प्रार्थनाच आहे.

एक गोष्ट लहान मुलांच्या आईवडिलांसाठी. मूल रडले म्हणून तुम्ही त्याला घेऊन बाहेर व्हरांड्यात जाता आणि अर्धी मिस्सा तिथेच होते. तुम्हाला वाटते, आज काही मिळाले नाही. असे समजू नका. बाळाला खांद्यावर थोपटत दाराबाहेरून ऐकणारी आई प्रभूपासून दूर नसते. बाकांवर बसलेल्या आपण मंडळींनीही त्यांच्याकडे कपाळाला आठ्या घालून पाहू नये. आणि नाईट करून आलेल्या एखाद्या बंधूचा प्रवचनात डोळा लागला, तर शेजाऱ्याने त्याला कोपर मारू नये. तो आला, हेच त्याचे अर्पण आहे.

बंधु-भगिनींनो, त्या आजींची आम्हाला आजही आठवण येते. प्रभूने क्षमा केली असा आमचा विश्वास आहे. पण क्षमा मिळाली म्हणून ते अर्धे राहिलेले वाक्य पुरे होत नाही. म्हणून आता आजाऱ्यांच्या भेटीला जाताना आम्ही मोबाईल गाडीच्या डिकीत ठेवतो. नेम लहान आहे, कधी मोडतोही. मोडला की दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करतो. अध्यात्म म्हणजे कधीही न भटकणारे मन, असे कोणी आपल्याला सांगितले असेल तर ते विसरून जा. दहा वेळा मन गेले आणि दहा वेळा आपण त्याला परत आणले, तर आपण दहा वेळा प्रभूकडे वळलो.

आणि आपण वळण्याच्या आधीच तो हाक मारत असतो. चुलीपुढे, लाईनवर, बसच्या खिडकीशी, बाकावर पेंगत असताना. ओरडून नव्हे, तर घरच्या माणसासारखी, नावाने, दोनदा.

प्रार्थना करू या: हे प्रभू येशू, बेथानीच्या घरात तू पाहुणा होऊन आलास. आमच्या घरातही ये. आमचे मन अनेक गोष्टींनी ओढले जाते, हे तू जाणतोस. आमचे काम आमच्याकडून काढून घेऊ नकोस. त्या कामात आमच्याजवळ बस. आम्ही भटकलो की आम्हाला नावाने हाक मार आणि ती ऐकण्याइतकी शांतता आमच्या अंतःकरणात दे. मार्था, मरिया आणि लाजरस यांच्या मध्यस्थीने आमच्या धर्मग्रामातील प्रत्येक घराला आशीर्वाद दे. आमेन.

प्रभूची कृपा व शांती आपणां सर्वांवर सदैव असो.

आपले धर्मगुरू